तीन मिनिटांवरची काशी

त्र्यंबक्या,

सुटलो रे बाबा!

गुरुवारी सकाळी मिश्राजींचा फोन आला. "दिगंबर बाबू, गुरू चले गए," एवढंच म्हणाले आणि फोन ठेवला. माझे डोळे भरून आले. त्या भरल्या डोळ्यांनी समोरच्या कॅलेंडरकडे पाहिलं आणि मनात काय यावं? म्हणजे ह्या रविवारी खेळ नाही.

तुझ्यापासून लपवून काय करू? पंचावन्न वर्षांची दोस्ती, आणि माझ्या डोक्यात पहिला विचार सुट्टीचा. शाळेत असताना कुणी बडा माणूस गेला की आपण दोघं तोंडं पाडून हेडमास्तरांसमोर उभे राहायचो आणि गल्लीचं वळण आलं की दप्तर डोक्यावर घेऊन धूम ठोकायचो, आठवतं? अगदी तसंच झालं. फक्त ह्या वेळी वळणावर तू नव्हतास, त्यामुळे धावण्यात मजा आली नाही.

तेराव्याला लोक तुझ्याबद्दल भरभरून बोलले. वेदपाठशाळेतले तुझे जुने विद्यार्थी कुठून कुठून आले होते. कुणी तुझ्या उच्चारांबद्दल बोललं, कुणी तुझ्या पाठांतराबद्दल. मी कोपऱ्यात बसून लाडू खात होतो. मला कुणी बोलायला सांगितलं असतं तर मी एकच वाक्य बोललो असतो: ह्या विद्वान माणसाने आम्हा तीन भल्या माणसांना नऊ वर्षं रामघाटावर बसवून ठेवलं आणि काशीला पोचू दिलं नाही!

सगळं तुला ठाऊक आहेच. तरी पुन्हा सांगतो, कारण सांगितल्याशिवाय मला धड रडू येत नाही, आणि सांगताना मी थोडं वाढवतो हेही तुला ठाऊक आहे.

खूळ आणलं देवयानीने. नागपूरची पोरगी, रेल्वेत इंजिनियर, बदली होऊन बनारसला आली आणि तुझ्या माडीवर भाड्याने राहिली. तिच्या सामानात वीस बाजूंचा एक फासा आणि उशीएवढं जाड एक इंग्रजी पुस्तक निघालं. टेबलाभोवती बसायचं, एकाने गोष्ट चालवायची, बाकीच्यांनी त्यातली पात्रं व्हायचं, आणि काय घडतं ते फाशाने ठरवायचं. राक्षस, अजगर, तळघरातला खजिना. मी तर उडालोच. म्हटलं, जन्मभर युनिव्हर्सिटीच्या ऑफिसात फायली उचलल्या, आता तलवार उचलू.

पण तू तो फासा तळहातावर घेतलास आणि तुझे डोळे असे लकाकले की मला तेव्हाच कळायला हवं होतं. "अजगर नको," तू म्हणालास. "आपली माणसं घेऊ. पेशव्यांच्या काळातला यात्रेकरूंचा तांडा. पुण्याहून निघतो, काशीला पोचतो. पोचला की खेळ संपला."

"मस्त आहे काका," देवयानी म्हणाली. "चार-पाच रविवारांत होऊन जाईल."

चार-पाच!

आणि तिथे माझी जीभ घसरली. मी चेष्टेत म्हणालो, "भटजी, कार्याला बसायचं तर संकल्प नको?" तू सरळ उठलास. देवघरातून पळी-पंचपात्र आणलंस, आमची गोत्रं विचारलीस, देश-काल-तिथी-नक्षत्र सगळं खणखणीत आवाजात म्हटलंस आणि 'तांडा काशीस पोचेपर्यंत दर रविवारी' असं म्हणत आमच्या हातून ताम्हनात पाणी सोडवलंस. देवयानीला हसू आवरेना. मिश्राजींनी तोंडातलं पान टाकून, चूळ भरून, डोळे मिटून पाणी सोडलं. मला मात्र ते पाणी ताम्हनात पडल्याचा आवाज आला आणि माझी चेष्टा तिथेच संपली. मी तुझ्याच घरात खाऊन-पिऊन वाढलोय. आपल्या गल्लीत मूलही जाणतं, की उदक सोडून धरलेलं काम मध्ये टाकायचं नसतं. पूजा असो, पारायण असो, नाहीतर हा असला खेळ.

म्हणजे बघ, फास मी स्वतःच वळला, गळ्यात स्वतःच घातला, आणि वर दक्षिणाही मागितली नाही.

पुढची नऊ वर्षं तुझा तो तांडा चालला. चालला म्हणजे काय, रांगला. देवयानीच्या पुस्तकात एका संध्याकाळी राज्यं पालटतात. आमच्याकडे एका रविवारी तांदूळ शिजायचे. तेही फासा टाकून! दहाच्या वर आलं तर शिजले, खाली आलं तर कच्चे, आणि कच्चे निघाले की पुढच्या रविवारी तांड्यातल्या निम्म्या लोकांची पोटं दुखायची. एकादशीला तांडा मुक्कामाला. अमावास्येला मुक्कामाला. ग्रहण असलं तर आम्ही दुपारभर नुसते बसायचो. नर्मदा ओलांडायला आम्हाला अकरा महिने लागले. खरीखुरी माणसं एवढ्या वेळात नर्मदेची परिक्रमा करून, घरी जाऊन, पाय चेपून घेतात.

एकदा जंगलात वाघ आला. आम्ही तिघं सरसावून बसलो. देवयानीने तर फासा मुठीत घेऊन फुंकर मारली. तू वहीत पाहिलंस आणि म्हणालास, "वाघाचं पोट भरलेलं आहे. तो झोपला."

तीन रविवार झोपला होता तो वाघ. आम्हाला कुजबुजत बोलावं लागलं. वहिनींनी पोह्यांच्या बशा आणल्या तरी तू बोटाने खूण केलीस, हळू ठेवा, हळू.

आणि ती सुपारी! पूजेत देवाच्या जागी सुपारी मांडतात, तशी तू नकाशावर प्रत्येकाच्या नावाची सुपारी मांडायचास. मी एक, देवयानी एक, मिश्राजी एक. आता मिश्राजींसारख्या माणसासमोर सुपारी ठेवायची म्हणजे काय! पोस्टातून रिटायर झालेला बनारसी गृहस्थ, ज्याचं तोंड गेली चाळीस वर्षं रिकामं राहिलेलं नाही. एका रविवारी बोलता बोलता त्यांनी हात पुढे केला, सुपारी उचलली आणि तोंडात टाकली. कुडूम असा आवाज आला तेव्हा सगळ्यांना कळलं, की तांड्याचा शिलेदार गेला.

"अरे राम राम," मिश्राजी म्हणाले. "हम तो खुद को ही खा गए!"

हसून हसून देवयानी भिंतीला टेकली. तू हसला नाहीस. तू म्हणालास, "सुतक." आणि दोन रविवार खेळ बंद ठेवलास, कारण तांड्यातलं माणूस गेलं होतं. ते दोन रविवार माझ्या गेल्या नऊ वर्षांतले सगळ्यांत सुखाचे रविवार. तिसऱ्या रविवारी मिश्राजी आपल्याच पात्राचा पुतण्या म्हणून दाखल झाले, आणि तू त्यांच्यापुढे सुपारीऐवजी खडीसाखरेचा मोठा खडा ठेवलास. त्यालाही मुंग्या लागल्या, पण ती कथा मी वेगळी सांगतो लोकांना. माझ्या कथेत मुंग्या अख्खा नकाशा उचलून नेतात.

आणि मी? मला तलवार हवी होती. तू मला पाणक्या केलंस. पाणक्या! सगळ्यांच्या आधी उठायचं, नदी नाहीतर विहीर शोधायची, घागरी भरायच्या, तांडा उठायच्या आत पाणी तयार ठेवायचं. मी तुला विनवलं, धमकावलं, शेवटी म्हटलं निदान आचारी तरी कर. तू ऐकलं नाहीस. एवढ्यावर थांबला असतास तरी चाललं असतं. पण तू तर रोज सकाळी सहाला घरी फोन करायला लागलास.

"पाणक्या, उठलास का?"

"अरे, आज मंगळवार आहे!"

"तांडा रोज चालतो. घागर भरलीस का?"

"भरली, भरली."

"खोटं बोलतोस. आवाज पांघरुणातून येतोय. ऊठ."

नऊ वर्षं! रोज! मी सगळ्या गल्लीला सांगत फिरायचो, की त्र्यंबक शास्त्री वेडा झालाय, खेळातल्या घागरीसाठी खऱ्या माणसाला अंथरुणातून उठवतो. लोक हसायचे. मीही हसायचो. आणि तू फोन ठेवेपर्यंत माझी झोप उडालेली असायची, म्हणून उठून खरंच नळाखाली बादली लावायचो.

मग मी हे सोडलं का नाही? हे तर मी सगळ्यांना ऐकवलं आहे, तुला तेवढं सोडून. त्र्यंबकचा मुलगा परदेशी गेला, पाठशाळेतली मुलं कमी झाली, शिकवायला आणि रागवायला त्याला आता कुणी नाही. मीही गेलो नाही, तर तो बिचारा सुपाऱ्या मांडून एकटाच बसेल. असा मी माझा त्याग चहाच्या दुकानापासून घाटाच्या पायऱ्यांपर्यंत वाटत सुटलो होतो. राजा घाटावरच्या नावाड्यांनासुद्धा माहीत होतं, की दिगंबर बाबू मित्रासाठी दर रविवारी सुळावर चढतात. त्यातला एक जण तर मला पाहिलं की हात जोडायचा.

राजा घाटावरून आठवलं. पाचवीत असताना त्या घाटावरून पाण्यात आधी कोण पडलं, हा आपला वाद राहूनच गेला. तू म्हणायचास मी घसरलो आणि तुला ओढलं. मी म्हणायचो तू ढकललंस. आता साक्षीदार कुणी उरला नाही, तेव्हा इथून पुढे मी असं सांगणार आहे की तू पडलास, मी उडी मारली आणि तुला सुसरीच्या जबड्यातून ओढून काढलं. बोल, काय करशील? ये, खोडून काढ.

ये ना.

बरं, असो. आता त्या शेवटच्या रविवारचं बोलतो. इतका वेळ इकडचं तिकडचं बोलत राहिलो ते त्याच्यासाठीच.

तांडा शेवटी रामनगरला येऊन ठेपला होता. विंध्याचल मागे पडला, चुनार मागे पडलं, रामनगर आलं. समोर गंगा आणि पलीकडे काशी. तुझ्या नकाशावर एका वितीचं अंतर. आम्ही तिघं नवीन कपडे घालून आलो होतो. खोटं नाही सांगत, मिश्राजींनी अत्तर लावलं होतं. देवयानीची बदली परत नागपूरला झाली होती, पुढच्याच महिन्यात जायचं होतं, म्हणून तिने पेढे आणले होते.

"सोड नाव," मी म्हणालो.

"आज नाही सोडता येत," तू म्हणालास.

"का?"

"वारा आहे."

"मग टाकतो फासा."

"वाऱ्याला फासा चालत नाही. वाऱ्यासाठी पंचांग बघावं लागतं."

देवयानी म्हणाली, "काका, समोर दिसून राहिली ना काशी! मी पोहत जाते."

"तुझ्या पात्राला पोहता येत नाही. पान एकशे बारा."

मिश्राजी हळूच म्हणाले, "गुरू, इस पार मत रोको. इधर मरे तो अगले जनम में गधा बनेंगे." इकडची जुनी माणसं तसं सांगतात खरं. पण तू नुसतं पान उलटलंस आणि म्हणालास, "इतकी जल्दी काय आहे? मुक्काम करू. दिगू, पाणी भरलंस का?"

त्या क्षणी माझ्या आत काहीतरी फुटलं. नऊ वर्षांच्या सगळ्या घागरी एकदम फुटल्या म्हण. मी उठलो. उठताना गुडघा लागला आणि नकाशा उधळला, सुपाऱ्या कपाटाखाली गेल्या. मी ओरडलो, आणि ह्यात मी काही वाढवत नाही, खालच्या गल्लीतली गाय थांबून वर बघायला लागली.

"पाणी! अरे, काशी म्हणे वितीवर! तुझ्या ह्या दारातून चपला घालून निघालो तर तीन मिनिटांत गंगेत पाय बुडवीन मी! काशीत बसून काशीला पोचत नाही असा माणूस दुनियेत दुसरा नसेल! मला हा खेळ कधी आवडला नाही, त्र्यंबक. एक रविवारसुद्धा नाही. फक्त तुझ्यासाठी बसलो. तुझ्यासाठी!"

तू माझ्याकडे बघत राहिलास. तुझे ओठ थरथरले. मला वाटलं, आता हा रडणार. तू वही बंद केलीस, तिच्याभोवती लाल फडकं गुंडाळलंस, आणि फक्त "बरं" म्हणालास.

मी पेढा न घेता जिना उतरलो.

सोमवारी सहाला फोन आला नाही. मंगळवारी नाही. बुधवारी मी पावणेसहापासून जागा होतो, फोन उशाशी ठेवून. नाही आला. म्हटलं, रुसलाय. मग मीही हट्टाला पेटलो, मीही केला नाही. उद्या करतो, म्हटलं. आणि उद्या मिश्राजींचा आला.

आता कळलं, मी लाडू का खात होतो कोपऱ्यात? तोंड भरलेलं असलं की कुणी काही विचारत नाही. सुट्टीचा आनंद मिनिटभर टिकला रे. त्यानंतर ते तेरा दिवस माझ्या कानात तुझं ते "बरं" होतं. वेद शिकवणारा माणूस, जन्मात कुणाचं मन न दुखवलेला, आणि त्याला शेवटी मित्राकडून काय ऐकायला मिळालं तर 'एक रविवारसुद्धा नाही.' हे घेऊन गेलास का तू? दुसरं काही मला जाणून घ्यायचं नव्हतं. घाटावर तुझ्या मागे उभा होतो तेव्हाही हेच विचारत होतो. तू उत्तर दिलं नाहीस. त्या दिवशी तुला वेळ नव्हता.

चौदाव्या दिवशी वहिनींनी बोलावलं. लाल फडक्यातली वही समोर ठेवली आणि म्हणाल्या, "भावजी, ही तुमची."

मी म्हटलं, "वहिनी, मी त्याला फार लागेल असं बोललो. त्या रविवारी. तो काही म्हणाला का?"

वहिनी पदराने डोळे पुसत होत्या. त्या पदराआडून चक्क हसल्या. "म्हणाले का? तुम्ही जिना उतरलात आणि हे स्वयंपाकघरात येऊन नाचायचे तेवढे बाकी राहिले. म्हणाले, चिडला! दिग्या चिडला! पूर्वीसारखा चिडला. बघितलंस का, सुपाऱ्या उधळल्या!"

"आनंद झाला त्याला?"

"अहो, मंदा अर्ध्या संसारातून गेल्यावर तुम्ही कसे झाला होतात, विसरलात? सहा महिने घराबाहेर पडला नव्हतात. दाढी वाढलेली, दुपारी बारापर्यंत अंथरुणात. कुणी काही बोललं तरी हो म्हणायचात. वाद घालणं बंद, गप्पा मारणं बंद. हे म्हणायचे, दिगू खोटं बोलायचा थांबला, आता हा काही जगत नाही. मग ती देवयानी आली तो फासा घेऊन. ह्यांनी तुम्हाला ओढून आणलं, आणि तो फासा बघून तुम्ही पहिल्यांदा चेष्टेत बोललात. ह्यांनी ठरवलं, ह्याला पाणक्या करायचा. पाणक्याला रोज उठावंच लागतं."

त्र्यंबक्या, नऊ वर्षं रोज सहा वाजता. मी मोजायला गेलो आणि थांबलो.

"आणि काशीला पोचलो की खेळ संपणार," वहिनी म्हणाल्या. "म्हणून पोचवत नव्हते. म्हणायचे, हा अजून नुसता माझं मन राखायला येतो. मन राखायला येणारा माणूस बरा झालेला नसतो. ज्या दिवशी माझ्यावर ओरडेल त्या दिवशी नाव सोडतो."

"पण सोमवारी फोन का नाही केला?"

"म्हणाले, आता नको. एवढं ओरडणारा माणूस आपला आपण उठेल."

मी उठलो होतो रे. तिन्ही दिवस. तुझ्या फोनच्या आधी.

मग मी घाबरत घाबरत विचारलं, "वहिनी, त्याला तरी हा खेळ आवडायचा ना?"

वहिनींनी कपाळावर हात मारला. "त्यांना? दर सोमवारी डोकं बांधून बसायचे. म्हणायचे, मी संहिता शिकवणारा माणूस, आणि तांदूळ शिजले की नाही त्याचे फासे टाकतोय. तो वाघ आठवतो का? तो झोपला नव्हता, त्याचं पुढे काय करायचं ते ह्यांना तीन आठवडे सुचत नव्हतं!"

आणि मग मला जे हसू फुटलं, त्याबद्दल मला माफ कर. तुझा फोटो समोर, हार ताजा, आणि मी मांडीवर थापा मारून हसतोय. वहिनीही हसताहेत. नऊ वर्षं मला वाटलं, मी एकटाच सुळावर चढतोय. आणि तू शेजारच्याच सुळावर बसून मला विचारत होतास, पाणी भरलंस का! एवढं हलकं मला मंदा गेल्यापासून कधी वाटलं नव्हतं. घाटावरच्या त्या नावाड्याला सांगायला हवं, की हात जोडायचे तर दोन दिशांना जोड.

वहिनींनी आणखी एक सांगितलं. मंगळवारी तू वही बगलेत मारून नावेने रामनगरला गेला होतास. तिथल्या घाटावर तासभर बसलास, नाव कुठून सुटेल, वारा कुठला, काशी कशी दिसते ते टिपून घेतलंस. येताना वहिनींसाठी मातीचं कुल्हड भरून लस्सी आणलीस, अर्धी धोतरावर सांडून. बुधवारी दुपारपर्यंत लिहीत होतास. गुरुवारी पहाटे अंघोळ करून आसनावर बसलास, तो उठला नाहीस. एका परीने तेही बरं. मंगळवारीच काही झालं असतं तर मिश्राजींनी मला आयुष्यभर गाढवाच्या कळपात तुला शोधायला लावलं असतं. तू ह्याच तीरावर गेलास. वेळेत परत आलास.

त्या रविवारी आम्ही जमलो. दुपारी तीनला, तुझ्याच वरच्या खोलीत, तुझ्याच सतरंजीवर. देवयानीने सामान बांधून ठेवलं होतं, दुसऱ्या दिवशीची गाडी होती. मिश्राजी पान न खाता आले, हे मी स्वतः पाहिलं नसतं तर मीच मानलं नसतं. कपाटाखालच्या सुपाऱ्या वहिनींनी झाडूने काढून, धुऊन ताम्हन-पंचपात्राशेजारी ठेवल्या होत्या. मी वही उघडली. सूत्रधाराच्या जागी कुणीच बसलं नाही. मी माझ्या जागेवरूनच वाचलं.

तुझं शेवटचं पान. वारा पडला आहे, लिहिलं होतंस. नाव तयार आहे. देवयानी चढली, मिश्रांचा पुतण्या चढला, त्यांचे फासे तूच टाकून ठेवले होतेस, दोघं सुखरूप उतरले. खाली माझं नाव. 'दिगू. पाणक्या शेवटी चढतो. ह्याचा फासा ह्यानेच टाकायचा. एक सोडून काहीही आलं तरी उतरला. एक आला तर नाव माघारी रामनगरला, आणि पुढच्या रविवारी पुन्हा.'

वीस बाजू, त्यातली एकच वाईट. देवयानी म्हणाली, "टाका काका, काही होत नाही."

मी टाकला. फासा नकाशावरून घरंगळला, गंगेच्या निळ्या रेघेवरून गेला, ताम्हनाला टेकून थांबला.

एक.

मी जन्मभर थापा मारत आलोय, त्र्यंबक्या, पण ही थाप नाही. विचार तिघांना. एक आला. मिश्राजींनी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा घातला. तरी एकच. देवयानी म्हणाली, "हे काय करून राहिले तुम्ही?" पुढचा रविवार माझ्यासमोर उभा राहिला. त्याच्यामागे त्याच्या पुढचा. वर बसून तू पुन्हा पान उलटतोयस, असं दिसलं मला. संकल्प सोडलेला आहे. नियम तुझ्या हातचा आहे. मोडायचा कुणी?

वहिनी पोह्यांच्या बशा घेऊन आल्या. बशा खाली ठेवल्या. नऊ वर्षांत त्या कधी खेळायला बसल्या नव्हत्या. त्यांनी वाकून फाशाकडे पाहिलं, मग आमच्या तोंडांकडे पाहिलं.

"काय झालं?"

"एक आला," मी म्हणालो. "परत रामनगर."

त्यांनी दोन बोटांनी फासा उचलला आणि अलगद उलटा करून ठेवला. वर वीस होता.

"दर सोमवारी पुसते मी ह्याला," वहिनी म्हणाल्या. "एकाच्या खाली वीस असतो. उतरा आता. पोहे गार होताहेत."

मी पंचपात्रातलं पळीभर पाणी तळहातावर घेतलं आणि ताम्हनात सोडलं. मंत्र मला येत नाही, तो तुझा प्रांत. नुसतं पाणी सोडलं. मग माझी सुपारी उचलून निळ्या रेघेच्या ह्या बाजूला ठेवली.

उतरलो रे. पाणी भरलंय.